कमलताई न वाचता पुस्तक देत नव्हत्या

जमलेल्या आयाबायांनो, थोरामोठ्यांनो, आणि कमलताईंची लेक, पुढं बसलेल्या सुमनताई,

माइकवर मी आजवर कधी बोलले न्हाई. पण आज गप्प बसले तर मला माझीच लाज वाटंल.

दहा दिवस झाले कमलताईंना जाऊन. आपल्या गावच्या वाचनालयात त्या बावीस वर्षं बसल्या. बावीस वर्षं! आणि स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक त्यांनी कुणाच्या हातात दिलं न्हाई.

मी सरस्वती, खालच्या आळीची. माझे मालक गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. जो येई तो एक पोथी ठेवून जाई. संसार खोटा, देह खोटा. मी वाचायची आणि रडायची. एक दिवस वाचनालयात गेले. म्हटलं, "ताई, दुःखाचं एखादं चांगलं पुस्तक द्या."

ताई म्हणाल्या, "रडायला पुस्तक कशाला लागतं गं? ते तर तुला येतंच."

आणि त्यांनी मला एका नाटकमंडळीच्या फजितीचं पुस्तक दिलं. तिसऱ्याच पानावर मी खदखदून हसले. सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "माझं लेकरू जाऊन सहा महिने न्हाई झाले, अन् ही हसून राहिली!"

दुसऱ्या दिवशी त्या भांडायला थेट वाचनालयात. मी मागं मागं. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तेच पान मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या. मग तिथंच बसून रडल्या. त्यांचा लेक गेला होता हो! माझ्या दुःखात मला त्यांचं दुःख दिसलंच नव्हतं. घरी आल्यावर म्हणाल्या, "पुढचं वाच. माझ्यासमोर वाच."

त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा घर झालं.

मग ताईंनी मला हळदीवरचं पुस्तक दिलं. म्हणाल्या, "आता डोकं हलकं झालंय, आता शिक." त्या पावसाळ्यात आमच्या हळदीची पानं पिवळी पडायला लागली. दीर म्हणाले, "खत कमी पडलं." मी म्हटलं, "न्हाई भाऊजी, कंद सडून राहिला. पाणी साचलंय, चर काढा." ते म्हणाले, "बाईमाणूस पुस्तक वाचून शेती करतंय व्हय?" मी आणि सासूबाईंनी कुदळ घेतली. दोन दिवस चर खणले. सगळी हळद न्हाई वाचली, पण वरच्या अंगाची वाचली. पुढच्या वर्षी दिरांनीच ते पुस्तक मागून नेलं.

एकदा ताईंचाही अंदाज चुकला. एक जाडजूड कादंबरी दिली. मी महिनाभर तिच्याशी झगडले. शेवटी भीत भीत परत केली. म्हणाल्या, "आवडलं न्हाई तर सोडून द्यायचं! पुस्तक काय सासर आहे, निभावून न्यायला?"

हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

मागच्या साली एक पुस्तकविक्रेते छापील यादी घेऊन आले होते. "ताई, फक्त सही करा, पुस्तकं घरपोच." ताईंनी विचारलं, "ह्यातली तुम्ही किती वाचली?" ते म्हणाले, "मी विकतो, ताई. वाचत न्हाई." ताईंनी यादी परत दिली.

आता गावात बोललं जातंय, वाचनालय बंद करू, नाहीतर तशीच तयार यादी मागवू. काहून? ताई गेल्या म्हणून आपले डोळे गेले काय? ताईंकडून पुस्तकं नेणाऱ्या आम्ही सात बायका आहोत. पुस्तकं आम्ही वाचू. जे हसवंल ते घेऊ, जे शिकवंल ते घेऊ. जे दोन्ही न्हाई करणार ते परत पाठवू, कुणाचीही शिफारस असो.

अध्यक्षसाहेब, तुमच्यापाशी वाचनालयाची किल्ली आहे. सगळ्यांसमोर मागते. सोमवारी दुपारी चारला मी दार उघडणार.

तुम्ही होकाराची मान हलवली, साहेब. सगळ्यांनी बघितलं.

आता उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका, लेकरांना जवळ घ्या. कमलताई, आम्हा सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.