जुन्या चाकाला मोठा टायर

आता मला सांगा, माणसानं दुकानात जाऊन टायर मागितला तर दुकानदारानं टायर दाखवावा की नाय? पण पेणचा दत्तात्रेय शेट... त्यानं माझी जीप बघितली, चाकापाशी उकिडवा बसला आणि डॉक्टर पेशंटच्या बायकोकडं बघतो ना, तसा माझ्या बायकोकडं बघून म्हणाला, "वहिनी, ही चाकं आधी काढा." अहो, काढा काय? माझ्या बापानं लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप, पत्रा गंजला, सीट फाटली, हॉर्न तर आम्ही तोंडानं वाजवतो, पण चाकं कंपनीतून आली तीच. मी म्हटलं, "शेट, चाक तेच, टायर मोठा. एवढंच पायजे."

तुम्ही म्हणाल, मोठा टायर कशाला? तुम्हाला सांगतो. ही सगळी भानगड ठमामावशीची. ठमाबाई म्हणजे माझ्या बायकोची, रंभाची मावशी. आई गेल्यावर तिनंच रंभाला वाढवलं. जन्म मिठागरात गेला, पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून बघून, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाकरी भाजली की करपली ते नाकानं ओळखायची. रोह्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पावसाच्या आधी एक डोळा करून घ्या, उशीर झाला तर मग माझ्या हातात नाय. किती वर्षं "नको, नको" म्हणणारी मावशी या खेपेला चक्क हो म्हणाली. पण अट घातली, "मला कुणी उचलून न्यायचं नाय. उचलून मेल्या माणसाला नेतात. गाडी दारात आली तर येईन."

गाडी दारात... तिचं घर खाडीच्या बांधापलीकडं. रस्ता म्हणजे ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे हा एवढा उंचवटा. मी रंभाला घेऊन आमच्या गडब गावावरनं ऐटीत निघालो, बांधावर अर्ध्या वाटेत जीपच्या पोटाखालचा मागचा गोळा, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा, त्या उंचवट्यावर बसला आणि मागची चाकं हवेत फिरायला लागली, म्हैस पाण्यात बसते तशी गाडी. बैलांनी ओढून काढली. मावशी तिकडनं ओट्यावरनं ओरडून विचारते, "गाडी आली काय?" रंभा म्हणाली, "अडकली गो मावशे." "मंग मी घरात बरी हाय." आणि आत जाऊन दार लावलं.

त्या दिवशी परतीच्या वाटेत रंभा पदराचा चिखल खरवडत बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तिनं माझा हात धरून मला शाळेत नेलंय हो. ती हो म्हणाली हाय तोवर काय ते करा." आता नवऱ्यानं काय करायचं? टायरच बघायचे.

तर शेट म्हणतो, "रुंद चाकं घाला, त्यावर रुंद टायर, गाडी काय रुबाबदार दिसंल." अरे बाबा, रुबाब कुणाला दाखवायचाय, जिला न्यायचंय तिला दिसत नाय. आणि चाकं बाहेर आली तर त्या चाकोरीत मावणार कशी? चाक तेच, टायर मोठा. मग त्यानं माझ्या सहाशे-सोळाच्या जागी एकदम साडेसातशे-सोळा मापाचा टायर आणून माझ्या चाकाला टेकवून धरला. काय दिसत होता सांगू? देठावर भोपळा. मी म्हटलं, राहू दे.

तिथनं रोह्याला, पुलापलीकडं अष्टमी गावात, गुणाजी मेस्तरीकडं. हा माणूस बोलताना समोरच्याकडं बघत नाय, गाडीशीच बोलतो. "काय गो, तुला स्प्रिंगच्या पाट्यात जादा पान घालू काय?" मग स्वतःच, "नको, पाटं उचललं तर बॉडी वर जाईल, गोळा तिथंच राहील. टायरच पायजे." मी खूश, चाक तेच ना? "व्हय. सातशे-सोळा बसव. बोटभर वर येशील." बोटभर... एवढी दगदग करून बोटभर. पण रंभा म्हणाली, "बोटभरच कमी पडलं होतं हो."

बसवले सातशे-सोळा. गाडी उभी राहिली ती वरातीतल्या घोड्यासारखी. बाहेर काढली, डावीकडं पूर्ण वळवली आणि खर्रर्र... टायर पाट्याला घासला. गुणाजी खाली सरपटला, वळण थांबवायचा बोल्ट थोडा बाहेर काढला, म्हणाला, "आता घासणार नाय, पण वळणार बी कमी." वळणार कमी म्हणजे किती? अहो, अष्टमीच्या नाक्यावर जिथं एस.टी. एका दमात वळते तिथं मी पुढं-मागं, पुढं-मागं, आणि भाजीवाल्या बायका टोपल्या उचलून उभ्या. एक म्हणते, "आरती व्हईतोवर प्रदक्षिणा पुरी करा."

पण बांधावर... तुम्हाला सांगतो, बांधावर माझं काळीज टायरपेक्षा फुगलं होतं. तो उंचवटा आला. खालनं माती खरडल्याचा आवाज आला, खर्र, खर्र... रंभानं माझा दंड धरला. आवाज थांबला. गाडी चालतच होती. बोटभरानं पार झालो. मावशी दारात लुगडं नेसून, गाठोडं घेऊन तयार. बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "गरम हाय. आली खरी." कुणाचा हात न धरता चाचपत चढून बसली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटली, जाड काचांचा चष्मा लागला. पहिली समोर रंभा. मावशीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि म्हणाली, "गो, तुझे केस पिकले. मला सांगितलंस बी नाय." रंभा हसली, मग रडली, मी उगाच टायरची हवा बघायला बाहेर गेलो.

मग मी गाडी दवाखान्याच्या दारापाशी लावली. पुढं-मागं, पुढं-मागं करून. मावशी पायरीवर थांबली. जीपकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. गंजलेला पत्रा, फाटकी सीट, सुतळीनं बांधलेलं दार. म्हणाली, "याच्यात बसून आले मी?"

मी म्हटलं, "मावशी, टायर बघा. नवे हायत. खास तुमच्यासाठी."

तिनं वाकून एकेक टायर बघितला, हात फिरवला, चष्मा सावरला. "टायर झ्याक हायत, जावईबापू," म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याच्या वेळंला याच्यावर एक बरीशी गाडी बसवा."

आता काय करता... सध्या गाडी बघतोय.