कुंकवाखालचं पान

"सुनेपुढं बर्फातल्या ड्यूटीचं काढू नका. पदक न्हाय, तिला थापाच वाटतील की!" स्वयंपाकघरात सासूबाई सासऱ्यांना दबक्या आवाजात सांगत होत्या. मी दाराआड लसूण सोलत होते.

सासरे माजी सैनिक. त्या ड्यूटीच्या राहिलेल्या पदकासाठीचा त्यांचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता, डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदवहीच्या, झेरॉक्सवर नोंद वाचता येत नाही म्हणून.

"मशीनच भंगार हाय त्या झेरॉक्सवाल्याचं," सासरे चिडले.

मी देवघरातलं मूळ डिस्चार्ज बुक उघडलं. दर खंडेनवमीला सासूबाई त्याची पूजा करतात, आणि कुंकू वाहतात ते नेमकं बर्फातल्या ड्यूटीच्या पानावर. कोरड्या कापसानं थर पुसला. खाली अख्खी नोंद होती.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी सासू-सासऱ्यांपुढं मोठ्यानं बोलले, "मामा, थापा नाहीत या. आणि आत्या, औंदा कुंकू कव्हरला लावा."