नवरदेवाच्या पाच भिंती

हॅलो?… हौ दादा, पौर्णिमाच बोलून राह्यली. निघाले का गोंदियाहून? पट्टी काढली बाबाच्या डोळ्याची?… डॉक्टरनं बोटं दाखवली तं बरोबर मोजली? चला, मोतीबिंदू गेला एकदाचा… मंग तुझा आवाज असा काहून?

… कुठं थांबले?

… आपल्या गावच्या पहिल्या भिंतीपाशी. हं.

नाही नाही, ऐकून राह्यली मी… अपेक्षा, चप्पल खाली ठेव बेटा, तोंडात नको… बोल दादा. काय म्हणतात बाबा?… झाडं दिसतात, बैल दिसतात, अक्षरंच गेली म्हणतात? डोळा वाया गेला म्हणून?… अरे, परत दवाखान्यात नको नेऊ. गाडी नको फिरवू. तू आधी गाडीतून उतर, थोडा दूर ये… आला?

भिंत पांढरीच आहे, दादा. पाचही भिंती पांढऱ्या आहेत. मीच चुना माराले लावला.

… हौ, मीच. पंचायतीची तपासणी होती, वरून साहेब येणार होते. अपेक्षाले ताप, तिले मांडीवर घेऊन घरूनच मजुराले फोन केला, का रस्त्याकडच्या साऱ्या भिंती पांढऱ्या करून टाक. साऱ्या, असं म्हटलं मी. सचिवबाईचा शब्द कोण मोडते? बाबानं रंगवलेल्या भिंती रस्त्याकडच्याच आहेत, हे डोक्यातच आलं नाही… दोन आठवडे झाले, तुमी गोंदियाले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

… सांगणार होती रे. ऑपरेशन होऊ दे म्हटलं.

… मले काय शिकवतो? माहीत आहे ना मले. पहिल्या भिंतीवर ‘नवरदेव हसला मांडवात’. शंभर पावलांवर ‘वऱ्हाड पळालं रानात’. मंग ‘नवरी म्हणे आधी’, मंग ‘घासून ये दात’. अन् गावाच्या शेवटाले ‘चंपा दंतमंजन’. बसमधले सारे एका सुरात वाचत, ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू करे. चंपावाल्याचा कारखाना बंद पडला, फ्लेक्स आले, बाबाले कोणी बोलवे ना. तरी दर दिवाळीले घरचा रंग घेऊन अक्षरं उजळवत. डबा धराले मले नेत, तुले नाही.

… काय म्हणतो? दोन दिवसांनी दिसल, असं सांगू?… सांग. हौ, तसंच सांग. डोळा नवा आहे, वेळ लागते म्हणा. तोवर आपण एखादा पेंटर पाहू, जसंच्या तसं…

थांब. काय म्हणून राह्यले ते?… कुंचले फकिरा पेंटरले देऊन टाका म्हणतात?… सारे?… ते बारीक रेघेचेही?

… नाही दादा. काही नको सांगू. फोन दे त्याईले.

… बाबा. हौ, मी. बाबा, तुमचा डोळा चांगला आहे. भिंतीवरच काही नाही… चुना मारला. मी… त्या मजुराचं नाव नका घेऊ बाबा, मी सांगितलं तसं केलं त्यानं… नाही, सारंच गेलं… हौ, नवरीची भिंतही… खरवडून नाही निघणार. दोन हात दिले चुन्याचे.

… बाबा?

… असं नका म्हणू. डोळाच गेला असता तं बरं होतं, असं काहून म्हणता… रागवा मले. लहानपणी रंग सांडला का केवढं रागवत होते.… नाही, अपेक्षा नाही रडून राह्यली. मीच आहे.

… बाबा, तुमी नका रडू. डोळ्याले पाणी नाही लागू द्यायचं, डॉक्टरनं सांगितलं ना… दादा, फोन घे. त्याईचा डोळा टिप. रुमालानं नाही, पिशवीत दवाखान्याचा कापूस असल… सापडला? गालावरून, हळूच. डोळ्याले दाबू नको… झालं?

… अजून येऊन राह्यलं?

… मी बोलते म्हणून येते ते, दादा. ठेवते मी.