चौथा कोपरा

हसा, हसा! खिडकीला नाक लावून फुकटचा खेळ बघताय... पण जरा हळू हसा हो, पिल्लं दचकतात, आणि मला तर उठायचं नाही!

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. बायको घसा फोडून सांगत होती, "अहो, कोंबडीच्या पिल्लांना कुंपण गोल लागतं, गोल!" आता मी पडलो सुतार माणूस, तीस वर्षं गुण्या लावून काटकोन तपासत आलो, मी गोल करीन? फळ्या घेतल्या, असा झक्क चौकोन ठोकला, खाली रंध्याचा भुसा, वर बल्ब, आणि ऐटीत म्हटलं, "ये, लाव गुण्या! केसभर फरक निघाला तर सुतार म्हणू नकोस मला!" ती म्हणाली, "गुण्या काय पिल्लं लावणारेत?" सोडली साठ पिल्लं... आणि वाऱ्यानं दार आपटलं मात्र, सगळी घाबरून एका कोपऱ्यात! एकावर एक, एकावर एक, खालची गुदमरायला लागली की हो! धावलो, तीन कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई आणली, चौथ्याला पुठ्ठा संपला. मग काय करता? बसलो मीच. पाठ कोपऱ्यात, पोट पिल्लांकडे... आणि काय सांगू, गोलाई अशी फक्कड जमली, की आता उठायचं नाही!

तुम्ही म्हणाल, पुठ्ठा आणायचा की! आणला! काल आणला! मी उठलो मात्र, साठच्या साठ चिवचिवाट करत माझ्याच जागेवर ढीग! तळातून एक काढलं, मान टाकलेली. बायकोनं ते ओंजळीत घेतलं, बल्बखाली धरलं, फुंकर घालत बसली आणि रडत म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून सुरू केलं होतं हो..." जगलं ते. हे काय, माझ्या गुडघ्यावर शिटतंय. पण तिचं ते रडणं काळजाला लागलं बघा. तेव्हापासून मी मुकाट बसून आहे. आंघोळीपुरती ती बसते, पण ती पडली काटकुळी, दोन्ही बाजूंनी फटी! शेजारचे काका म्हणाले, "मी बसतो," तर त्यांना भुशानं शिंका... म्हणजे फिरून मीच, आणि उठायचं नाही!

आज सकाळी गुरांचे डॉक्टर आले. म्हटलं, सुटलो एकदाचा! त्यांनी भुसा चिमटीत धरून बघितला, पाण्याचं भांडं बघितलं, पिल्लं बघितली, माझ्याकडे ढुंकून नाही! "वा वहिनी! पिल्लं छान पांगलीत, ना गारठलीत, ना उकडतंय त्यांना. आता तीन आठवडे ह्यातलं काहीही हलवायचं नाही!" मी म्हटलं, "डॉक्टर, आणि मी?" तर म्हणतात, "काहीही म्हणजे काहीही!" मी चांगलंच तोंड सोडणार होतो, तेवढ्यात बायकोकडे लक्ष गेलं. अहो, हसत होती! किती दिवसांनी... मग कसला उठतोय मी? म्हटलं, "बरं बाई, बसतो. निदान पाठीला एक उशी तरी दे."

तर म्हणते, "उशी नको, तिला कोपरे असतात!"