सापाच्या पेटीतले बत्तीस अंश

नाव: प्रमिला वाल्मिक गजभिये. वय: ६६ वर्षे. व्यवसाय: सरकारी दवाखान्यातून निवृत्त परिचारिका. राहणार: नागपूर, सध्या मुलाच्या काँडोत (फ्लॅटमध्ये), विनिपेग.

मी आज दि. २० जानेवारी २०२५ रोजी सकाळी ११ वाजता समक्ष हजर राहून, दुभाषी चैत्राली यांच्यामार्फत, विचारल्यावरून सांगते की, मुलगा राजरत्न याच्याकडे मी सप्टेंबरपासून राहते. त्याने बिस्किट नावाचा साप पाळला आहे. अजगराच्या जातीचा, बिनविषारी. पहिला महिनाभर मी त्या खोलीत पाऊल ठेवले नाही. साप तो सापच.

दि. १२ रोजी राजरत्न कंपनीच्या कामाने तीन आठवड्यांसाठी कनाटा या दूरच्या गावी गेला. सापाच्या काचेच्या पेटीत एका टोकाला ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश लागतात. फोनवर आकडे दाखवणारे यंत्र बिघडले होते. म्हणून मी थर्मामीटर वाचायचा आणि त्याने सकाळी ८ व संध्याकाळी ७ वाजता फोन करून विचारायचे, असे ठरले. आकडे रोज बरोबर येत. तो "ओके मम्मी, परफेक्ट" म्हणून फोन ठेवत असे.

दि. १७ रोजी संध्याकाळी ३२ असताना मी २९ सांगितले. तो अकरा मिनिटे बोलला. पडदा ओढ, थर्मोस्टॅट थोडा वाढव, घाबरू नको, म्हणाला. शेवटी "जेवलीस का?" असेही विचारले. दुसऱ्या दिवशी मी २७ सांगितले. थर्मोस्टॅटला मी एकदाही हात लावला नाही, मुक्या जिवाला भाजले असते. चौतीस वर्षांच्या नोकरीत रुग्णाच्या तापाचा खोटा आकडा मी कधी लिहिला नव्हता, हे नमूद करावे.

दि. १९ रोजी सकाळी मी २४ सांगितले. राजरत्न घाबरला. त्याने मित्र निमिष याला पाठवले. दुपारी २ वाजता निमिष बाहेरून म्हणाला, "काकू, दार उघडा ना. जस्ट टेम्परेचर चेक करून जातो." दार उघडले असते तर माझे खोटे उघडे पडले असते. मी आतून सांगितले, "आंघोळीला चाललेय, उद्या ये." मग राजरत्नचे चार फोन आले. लाज वाटून मी एकही उचलला नाही. त्याला वाटले, मलाच काही झाले. त्याने पोलिसांना कळवले.

३.२० वाजता निमिषबरोबर पोलीस आले. मी दार उघडले. निमिषने थर्मामीटर पाहिला. ३२ आणि २६. तो म्हणाला, "काकू, सगळं ऑल गुड आहे की! मग राजला चोवीस का सांगितलं?" तेव्हा मी उत्तर दिले नाही. आता देते. आकडा बरोबर असला की तो फोन ठेवतो. दिवसभरात माझ्याशी दुसरे कोणी बोलत नाही.

मुलाची चूक नाही. त्याच्याविरुद्ध काही लिहू नये.

राजरत्नच्या सांगण्यावरून निमिष पेटीसकट साप आपल्या घरी घेऊन गेला. राजरत्न स्पीकरवर म्हणाला, "मम्मी, आता तुला टेन्शन नको. तू रेस्ट कर."

आज सकाळी ८ वाजता फोन आला नाही.

हा जबाब चैत्राली यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. यातले आकडे खरे आहेत.

सही: प्र. वा. गजभिये