कापसातली खुडूक

खुडूक बसलेल्या कोंबडीले काय पायजे, हे मले कोनी शिकवू नोका. मी डोळ्यानं पायलं हाय.

कापसाचा भाव पडला होता तवाची गोष्ट. आमची मधली खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती. त्यातच वहिनीची एकुलती एक कोंबडी गायब झाली. मुंगसानं नेली असन, असं समजून वहिनी धड जेवून नाही राह्यली होती.

शेवटी कापसाले गिऱ्हाईक भेटलं. ढाणकीहून रफीकभाई मेटॅडोर घेऊन आला. हमाल कापूस भरून राह्यले होते, तं कोपऱ्यातून 'क्याक्' झालं. कापूस सारला तं आत कोंबडी! खिडकीतून ये-जा करत तिनं तिथंच अंडी घातली होती, अन् आता उबवत बसली होती.

दादा म्हणे, "उचल तिले, ठेव टोपल्यात."

वहिनी आडवी झाली. "आता हलवली तं उठन ते. अंडी वाया जातीन."

"अन् हा कापूस काय घरातच कुजवू?"

रफीकभाईनं हळूच एक अंडं काढून कानाले लावलं. त्याचा चेहराच बदलला.

"दादा, अंदर कोई बोल रहा है."

दादानं ऐकलं. मग मी. टरफल शाबूत, अन् आतून चिवचिव! जन्माच्या आधीच!

तेवढा कोपरा सोडून हमालांनी कुजबुजत, अनवाणी पायानं गाडी भरली. रफीकभाई स्टेअरिंगवर बसला, पन चावी काही लावली नाही.

"इंजिन लई ओरडते," म्हणे. "ढकला."

भरलेली मेटॅडोर आम्ही सगळ्यांनी पार सडकेपर्यंत ढकलत नेली. धापा टाकत दादाच म्हणे, "रफीकभाई, हॉर्न नोको वाजवजो!"