चौदा नंबरच्या चौकातून दिलेली खबर

नाव: वेंडेल हार्मन क्रेहबील. वय: ४९ वर्षे. धंदा: धान्य कोठारावर वजनकाटा पाहणे, वसंत ऋतूत वादळ-निरीक्षक. राहणार: लोन सेडार, पश्चिम कॅन्सस.
दि. १८ मे, शनिवार, सकाळी ९.१०. शेरीफ कार्यालय. जबाब घेणार: डेप्युटी मार्विन टीसेन.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन हजर राहून सांगतो की, लायल उनरू, वय ५३, आणि मी एकोणीस वर्षे एकाच गाडीतून वादळांच्या मागे जातो. वादळ कुठे आहे ते आम्ही रेडिओवर कळवतो. त्यावरून गावात भोंगे वाजतात आणि लोक तळघरात उतरतात. लायल गाडी चालवतो. मी रडारचा पडदा पाहतो व रेडिओवर बोलतो. चालवणाऱ्याने रेडिओला हात लावायचा नाही, हा आमच्या गाडीतला नेम आहे. रेडिओचा परवाना लायलचा असल्याने बोलणारा मी असलो तरी नोंद त्याच्या क्रमांकाची होते.

गुरुवार दि. १६ मे रोजी दुपारी साडेबाराला आम्ही लायलच्या थोरल्या बहिणीकडे, जेराल्डिन व्होथ, वय ७१, यांच्याकडे जेवलो. त्यांनी बिअरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरून भाजलेले पाव, केले होते.

त्या म्हणाल्या, "केस पिकले तरी ढगामागं धावताय दोघं. माझ्या कुंपणाचा खांब कधी रोवणार?"

लायल म्हणाला, "आज वादळ उरलेलेही पाडेल, जेरी. मग सगळे एकदमच रोवू."

"तू बोलूच नको. रेडिओवरसुद्धा तू बोललास तर मी जागची हलायची नाही. वेंडेल बोलला की ऐकते."

हे वाक्य जबाबात घ्यावे अशी माझी विनंती आहे. निघताना नेहमीप्रमाणे टोप्या काढून आम्ही प्रार्थना केली.

सव्वापाचला आम्ही चौदा नंबरचा रस्ता आणि कोठार रस्ता यांच्या चौकात थांबलो. गाडीचे तोंड पूर्वेच्या मोकळ्या रस्त्याकडे, इंजिन चालू. लायल मागच्या काचेवरचा चिखल पुसायला उतरला. पाच वाजून बावीस मिनिटांनी आमच्या नैर्ऋत्येला सुमारे साडेतीन मैलांवर टॉर्नेडो जमिनीला टेकला.

अशा वेळी आपण कुठे उभे आहोत एवढेच सांगून चालत नाही. तिथून कोणत्या दिशेला आणि किती मैलांवर वादळ आहे, ते सांगायचे असते. दर मार्चमध्ये चर्चच्या तळघरात मी नव्या निरीक्षकांचा वर्ग घेतो. अकरा वर्षे फळ्यावर पहिली ओळ हीच लिहितो.

मी म्हणालो, "टॉर्नेडो जमिनीवर. चौदा नंबर आणि कोठार रस्त्याचा चौक." कार्यालयात रेडिओवर खबर घेणाऱ्या बाई त्या कामावर नव्या होत्या. त्यांनी जागा पुन्हा म्हणून दाखवली. मी "बरोबर" म्हणालो.

असे का झाले, असे डेप्युटी टीसेन यांनी विचारल्यावरून सांगतो की, ढगाच्या कडेखाली पिवळा उजेड होता आणि त्यात तो टॉर्नेडो बारीक, सरळ, जागच्या जागी उभा दिसत होता. जो डावी-उजवीकडे सरकत नाही तो आपल्याच दिशेने येत असतो, हे मला माहीत आहे. तरी मी पाहत राहिलो. निर्माणकर्त्याचा हात पाहतो आहे असे मला वाटले. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

लायल गाडीत आला. "काय कळवलंस?" मी सांगितले.

"ते आपण उभे आहोत ते, वेंडेल. तो कुठे आहे?"

त्याने माझ्या हातातून माइक घेतला आणि पाच पंचवीसला दुरुस्ती कळवली. एकोणीस वर्षांत त्याने माइक हातात घेतल्याची ही पहिलीच वेळ. जेराल्डिनबाईंचे घर आमच्या आणि टॉर्नेडोच्या मध्ये होते.

आम्हाला आधी पूर्वेला निघून जावे लागले. जेराल्डिनबाईंच्या घरी पोहोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. घराचे छप्पर नव्हते. तळघर शाबूत होते, दार आतून उघडलेले होते. खाली बॅटरीवरचा रेडिओ चालू होता आणि त्यावर लायलची दुरुस्ती पुन्हा वाचली जात होती. जेराल्डिनबाई गोठ्याच्या फाटकापाशी पडल्या होत्या. फाटक उघडलेले होते. गाई सगळ्या जिवंत आहेत.

त्यांची मुलगी लॉर्ना सांगते की, पाच तेवीसला आईचा तळघरातून फोन आला होता. "चौदाच्या चौकात पोचलंय म्हणे. म्हणजे आपल्याला ओलांडून गेलं. गाई मोकळ्या करून येते." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

साडेसहाला तिथेच लायलने डेप्युटी टीसेन यांना सांगितले की, चुकीची खबर त्याने दिली. मी दोन पावलांवर उभा होतो. मी काही बोललो नाही.

परतताना गाडीत मी त्याला विचारले की, तसे का सांगितलेस. तो म्हणाला, "वर्ग तू घेतोस. उद्या तुझा शब्द कोणी मानला नाही तर भोंगा वाजूनही लोक वरच बसतील. माझं एरवी कोण ऐकतंय?"

"लॉर्ना ऐकेल," मी म्हणालो.

त्याने वायपर लावले. पाऊस केव्हाच थांबला होता.

काल लॉर्नाने लायलला निरोप पाठवला की, सोमवारच्या अंत्यविधीला त्याने येऊ नये. त्यानंतर तिने मला फोन करून विचारले की, आईच्या पेटीला खांदा देणाऱ्या सहांपैकी एक व्हाल का. मी हो म्हणालो. म्हणून आज इथे आलो आहे. या जबाबाची एक प्रत सोमवारी सकाळी दहापूर्वी लॉर्नाच्या हाती पोहोचावी आणि पेटीजवळची माझी जागा लायलला मिळावी.

लिहून झाल्यावर डेप्युटी टीसेन यांनी हा कागद मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "लायल उनरू यांच्या रेडिओ संचावरून खबर दिली गेली" असे लिहिले होते. ते म्हणाले, "राहू दे ना, वेंडेल. खोटं तर नाहीये." मी म्हणालो, "खोटं नाही, मार्विन. पण त्यात मी कुठेच नाही." ती ओळ खोडून तिथे माझे नाव घातले आहे व खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

वेंडेल हार्मन क्रेहबील